रेघ

तीन वेळा फोन लावून तिनंच कट केला.
चौथ्यांदा म्हणाली, "ते... तुम्ही घरी येता का?"
आवाज घरंदाज. मला वाटलं, नवऱ्याचा मोबाइल उघडलाय,
आता शिव्या सुरू होतील.
"भावासाठी," म्हणाली. "तो पडलाय."
पडलाय तर दवाखान्यात न्या, म्हटलं.
"सात वर्षं झाली."

तुर्भ्याहून दोन बस करून दिवाळ्याला उतरले.
केस बांधलेले, खांद्याला पिशवी,
कुणी विचारलं तर मालिशवाली.
जेट्टीच्या बाजूला जाळी वाळत होती.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरचं चार माळ्यांचं घर,
बाहेरून गुलाबी टाइल.
ह्याच घराच्या परांचीवरून तो खाली आला,
तेव्हा अजून टाइल लागायची होती.

बहीण, ललिता, चहा घेऊन उभी.
कपाखाली बशी होती.
बशी कुणाला मिळते, मला माहीत आहे.
"मी बाजारात जाऊन येते. दोन तास."
मासळीला दोन तास?
"भाव करायला," म्हणाली, आणि पदर सारखा करत
आधीच जिना उतरू लागली.

खोलीची कडी गंजलेली. जोर करून लावली.
"सात वर्षांत कुणी लावली नाही," तो आतून म्हणाला,
"कुणीही कधीही येतं."

हरेश्वर. वय बेचाळीस.
हवेची गादी, आपल्याशीच पुटपुटणारी.
पलंगाला लघवीची पिशवी,
तिच्यावर घाईघाईनं टाकलेला टॉवेल.
मी टॉवेल काढून घडी घातली.
असू दे, म्हटलं, माझ्याकडे येणारे
ह्याहून घाण डोक्यात घेऊन येतात.

"मला सगळं जमणार नाही," म्हणाला.
सगळं कुणालाच जमत नाही.
मी रोजची सांगते.

मग शर्टाची बटणं.
छातीवर आडवी निळी रेघ,
फिजिओवाल्यानं बॉलपेननं मारलेली.
"इथवर मी. खाली नुसतं सामान."

मला आजवर सगळ्यांनी उलटं सांगितलंय.
खालचं तेवढं कामाचं,
वरच्या माळ्यावर कोण राहतं
कुणी विचारलं नाही.

डोळे मीट, म्हटलं. लागलं की सांग.
खांदा. "आत्ता."
गळ्याची खोबण. "आत्ता."
कानामागे मी बोट नाही, ओठ ठेवले,
तेव्हा शब्द उशिरा आला, घसरत, अर्धा.
अंगावर काटा उठला त्याच्या
आणि बरोबर रेघेशी येऊन थांबला,
खाजणाच्या बांधाला भरती थांबावी तसा.

मी रेघेखाली गेले. दोन बोटं.
तो गप्प.
गादी पुटपुटली, थांबली, पुन्हा पुटपुटली.
मग म्हणाला, "आत्ता."

खोटं.

खोटं मला कळतं. सोळा वर्षं तेच विकते,
अंधारात, नेमक्या वेळी, एक "आत्ता",
समोरच्याचं तोंड पडू नये म्हणून.
पण माझं तोंड पडू नये म्हणून
कुणी कधी बोललं नव्हतं.

औषधांच्या वहीत पेन होतं.
मी नवी रेघ मारली, दोन बोटं खाली.
त्यानं डोळे उघडून पाहिली.
मी थुंकी लावून जुनी पुसत होते, नीट पुसली जाईना,
दोन्ही राहिल्या.

पुढचं सांगणार नाही.
कडी लावलेली होती.

ललिता आली, पिशवीत निवटे, अजून उड्या मारणारे.
अर्धे मला बांधून दिले.
पैसे पाकिटात, लग्नातल्या आहेराच्या,
वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं.
"घरात तेवढंच पाकीट होतं," म्हणाली,
आणि मान खाली घालून निवटे धुवायला बसली.
विचारलं काहीच नाही.
आतून तो म्हणाला, "लले, भाव काय केलास?"

रात्री तुर्भ्याला एकानं विचारलं,
बोटाला शाई कसली?
म्हटलं, मत देऊन आले.
"आत्ता कुठंय इलेक्शन?"
तू तुझं बघ, म्हटलं.